चौऱ्याहत्तर मिनिटांचे दहा सांधे

"गाणं कवा सुरू होईन बाप्पा?"

कोजागरीच्या रात्री दुधाच्या कढईपाशी बसलेल्या एका आजीने हे विचारलं, तेव्हा अल्बम सुरू होऊन नऊ मिनिटं झाली होती. माझा मावसभाऊ लॅपटॉपमागे उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि दुधाचा पेला तोंडाला लावला.

प्रकरण असं. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान चालवतो, वीसेक वर्षं झाली. मावसभाऊ तालुक्यातल्याच एका गावात डीजे चालवतो. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नाही, सामान. पिकअपवर चढवलेले चार बेस, दोन टॉप, अ‍ॅम्पची रॅक, मागे दोरीने आवळलेला जनरेटर. आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं बंद. मधले गणपती आणि देवी सोडले तर सामान गोठ्यात ताडपत्रीखाली पडून असतं. त्या रिकाम्या दिवसांत या पोट्ट्याने डीप हाऊस आणि प्रोग्रेसिव्ह ट्रान्स या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक सलग मिक्स अल्बम बांधला, म्हणजे एका ट्रॅकमध्ये पुढचा मिसळत नेलेला. अकरा ट्रॅक, चौऱ्याहत्तर मिनिटं, मध्ये कुठे थांबणं नाही. अकरापैकी सात ट्रॅक त्याने स्वतः एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले, चार असे की ज्यांच्या निर्मात्यांनी वापरायची मोकळी परवानगी दिलेली. ही अक्कल त्याला ठेच लागून आलेली. त्याआधी दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक मिक्स त्याने इंटरनेटवर चढवला होता, तो तासाभरात उतरवला गेला.

चौऱ्याहत्तरच मिनिटं का, हे मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "दादा, सीडी तेवढीच राहते ना." आता सीडी कोण वाजवतं? पण त्याचा कान ज्या मिक्सांवर तयार झाला ते सगळे सीडीच्या जमान्यातले. साशा आणि जॉन डिगवीड या दोन ब्रिटिश डीजेंनी १९९४ मध्ये 'रेनेसान्स' क्लबच्या नावाने तीन सीडींचा मिक्स संच काढला. डीजेचा मिक्स ही घरी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची गोष्ट आहे, हे त्या संचाने अनेकांच्या डोक्यात बसवलं. १९९६ पासून 'ग्लोबल अंडरग्राउंड' ही मालिका आली, एकेका शहराच्या नावाने एकेका डीजेचा मिक्स. हे सगळं आमच्या पोट्ट्याकडे पेनड्राइव्हमधून आलं, नागपूरला आयटीआय करताना.

ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हाऊस हे नाव शिकागोच्या वेअरहाऊस नावाच्या क्लबवरून पडलं. शिकागोतूनच १९८० च्या दशकाच्या मध्यावर डीप हाऊस निघालं. लॅरी हर्ड हा त्यातला मोठा माणूस. मिनिटाला १२० च्या आसपास ठोके, खाली गोलसर बेस, वर जॅझच्या वळणाचे भरलेले कॉर्ड, घाई अजिबात नाही. ट्रान्स जर्मनीत वाढलं, १९९० च्या सुरुवातीला. त्याचा प्रोग्रेसिव्ह प्रकार १३० च्या पुढेमागे चालतो आणि एकेक थर चढवत कान ताणत नेतो. आता वर्धा जिल्ह्यात हे कशाला, असं गावातल्या दोघा-तिघांनी विचारलंच. त्यांना मी चरणजित सिंगांचं उदाहरण देतो. या मुंबईच्या वादकाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीची ८०८ (ठेक्याचं) आणि ३०३ (बेसचं) ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही, २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या डीजेंनी कान टवकारले. तेव्हा हे 'बाहेरचं' म्हणायच्या आधी जरा थांबावं.

तर कोजागरी. भुलाबाईची गाणी झाली, पोरींचा खाऊ ओळखून झाला, दूध आटत होतं. रात्री दहाला आवाज बंद करायचा, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक, म्हणून साडेआठलाच सुरुवात केली. दोन टॉप, एकच बेस, आवाज पाव. तेवढ्यानेही निवासी भागाची दिवसाची ५५ डेसिबलची हद्द पाळली गेली असेल असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

पहिल्या दहा मिनिटांत आजींचा प्रश्न आला. पंधराव्या मिनिटाला बेस एकाच सुरात घुमायला लागला, कॉर्ड कोणताही असो, खालून 'हूं' एकच. तिसाव्या मिनिटापर्यंत पोरंटोरं मात्र नाचायला लागली होती. छत्तिसाव्या मिनिटाला पाचवा सांधा आला, म्हणजे पाचव्या ट्रॅकमधून सहाव्यात जायची जागा, डीप हाऊसमधून ट्रान्समध्ये. तिथे पोरांचे पाय चुकले. दोघं-तिघं थांबली, एकमेकांकडे पाहून हसली आणि दुधाकडे गेली. त्यानंतर कोणी नाचलं नाही. मावसाजी, म्हणजे त्याचे वडील, कोपऱ्यात बसून शेवटपर्यंत ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. पाचच दिवसांवर मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी होती, त्यांचं चित्त तिकडे असणार असं मला वाटलं.

मावसाजींबद्दल सांगायला हवं. ते गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवतात, चाळीस वर्षांपासून. वर्धा नदीच्या पलीकडे गुरुकुंज मोझरी, तुकडोजी महाराजांची जागा. महाराज स्वतः खंजिरीवर भजन म्हणायचे, त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांवर खंजिरी वाजवणारा माणूस प्रत्येक गावात सापडतो. मावसाजींना सुरांचं फारसं पडलेलं नाही. मात्रा मात्र त्यांच्या अंगात आहे.

दिवाळी झाली. तूर शेंगेवर आली, हरभरा वर आला, आणि रानडुकरं सुरू झाली. आमच्याकडे या दिवसांत रात्रीची जागल ठरलेली. मचाणावर बसायचं, बॅटरी मारायची, पिंपा बडवायचा. जोडीला शेतातली लाईन रात्रीचीच असली तर ओलितही रात्रीच. मावसाजींनी पोराकडून तो अल्बम मोबाईलच्या कार्डात भरून घेतला. का, हे मला आजही नीट कळलेलं नाही. कदाचित चौऱ्याहत्तर मिनिटं मोबाईलला हात लावावा लागत नाही एवढंच कारण असेल. थंडीत गोधडीतून हात बाहेर काढणं किती जिवावर येतं ते जागल केलेल्यालाच माहीत.

चार रात्रींनंतर ते माझ्या दुकानात आले. मोबाईल काउंटरवर ठेवला.

"याच्यात खडा हाय."

"कशात, मावसाजी?"

"गाण्यात. सहा-सात मिनिटानं एक डाव ठेका अडखळते. तुह्या भावाले सांगतलं त थो म्हणते फोन खराब हाय."

मी आधी पोराच्या बाजूने गेलो, हे कबूल करतो. कार्ड बदललं. नवीन कार्डावरही तेच. मग फोनचा स्पीकर उघडून साफ केला, वीस रुपयेसुद्धा घेतले नाहीत आणि उपयोगही झाला नाही. मग पोराला लॅपटॉप घेऊन बोलावलं आणि मूळ फाईल हेडफोनवर ऐकली. अडखळणं कुठेच नाही. तो जिंकल्यासारखा पाहायला लागला. मावसाजी स्टुलावर बसून होते, म्हणाले, "फोनवर आयक." फोनवर लावलं, नजर पडद्यावर ठेवली. 'टक्'. त्याच क्षणी पडद्यावर ट्रॅक ३ चा ४ झाला.

चूक मिक्समध्ये नव्हती. चूक कापण्यात होती. लॅपटॉपवर सगळा अल्बम एक सलग धागा होता. कार्डात भरताना पोराने त्याचे अकरा तुकडे केले, प्रत्येकाची वेगळी एमपीथ्री फाईल, म्हणजे ऐकणाऱ्याला हवं ते गाणं लावता येईल. एमपीथ्री ध्वनीला चौकटींत भरतं, एका चौकटीत १,१५२ नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मापं. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. ट्रॅक कुठेही कापा, शेवटची चौकट पूर्ण भरली नाही तर उरलेल्या जागेत शांतता भरली जाते. फाईलच्या सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, थोडी शांतता घालतो, त्याच्या गणिताची ती गरज असते. ही शांतता ओळखून वगळणारे प्लेअर असतात. मावसाजींच्या फोनमधला तसा नव्हता. वेगळं गाणं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, गाणं संपताना तसंही शांतच असतं. पण इथे कापलेली जागा म्हणजे दोन ट्रॅक एकमेकांत मिसळत असलेली भरगच्च जागा. तिथे आवाज एकदम शून्यावर पडतो आणि परत उसळतो.

आता १२२ च्या लयीत एक ठोका म्हणजे ४९२ मिलिसेकंद. दोन्ही बाजूंची शांतता मिळून पन्नासेक मिलिसेकंद गेले तर मात्रेचा दहावा भाग. मावसाजींनी तो मचाणावर, वाऱ्यात, टिनपाट स्पीकरवर पकडला. मी वीस वर्षं या धंद्यात आहे आणि मी फोनचा स्पीकर साफ करत बसलो होतो.

गंमत म्हणजे हा दोष मला माहीत असायला हवा होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी भजनांच्या सीड्या लिहून द्यायचो. सीडीत सेकंदाचे ७५ भाग असतात, प्रत्येकात ५८८ नमुने, आणि ट्रॅकची खूण त्या भागाच्या हद्दीवर पडली की आवाज न तुटता पुढे जातो. म्हणून सीडीवरच्या मिक्स अल्बममध्ये ट्रॅक नंबर बदलतो आणि कानाला काही कळत नाही. पण लिहिताना एकेक ट्रॅक सुटा लिहिला तर मध्ये दोन सेकंदांची खिंड पडायची. गजराच्या मधोमध दोन सेकंद सन्नाटा पडला म्हणून एका मंडळाने मला पन्नास सीड्या परत आणून दिल्या होत्या.

इलाज सोपा होता. एकच फाईल करा. पोरगा आधी अडला, "मग पाहिजे तो ट्रॅक कसा लावतीन लोक?" मी म्हटलं, तू सलग अल्बम केला आहेस की कॅसेटची दुकानदारी? मिक्स अल्बममध्ये सुटे ट्रॅक हा कच्चा माल असतो, माणूस स्वतःचं म्हणून जे करतो ते सांध्यांत. अकरा ट्रॅक म्हणजे दहा सांधे. त्याचा अल्बम त्या दहा जागांत होता आणि नेमकी तिथेच त्याने सुरी चालवली होती.

खरं म्हणजे इथे माझं काम संपत होतं. पण विषय निघालाच तर कोजागरीचा पाचवा सांधा काढला. पोराने तिथे काय केलं होतं? सोळा बारमध्ये (चार ठोक्यांचा एक बार), म्हणजे अर्ध्या मिनिटात, वेग १२२ वरून १३० वर ओढला होता. साडेसहा टक्के वाढ. जुन्या टर्नटेबलवर असं केलं तर वेगाबरोबर सूरही चढतो, सहा टक्क्यांना जवळपास एक अर्धस्वर, आणि भरदार कॉर्ड किरटे होतात. सॉफ्टवेअरमध्ये सूर जागच्या जागी धरून वेग वाढवता येतो, पण मग ठोक्याची धार बोथट होते. त्याने दुसरा मार्ग घेतला होता. सूर ठीक होता, ठोका फुसका, आणि पोरांच्या पायांखालून जमीन सरकलेली.

मावसाजींना मी विचारलं, भजनात तुम्ही लय कशी वाढवता?

"वाढवतो कुठं? वाढते ते." थोडं थांबून म्हणाले, "लय वाढोली हे आयकणाऱ्याले समजलं नाही पायजे. समजलं म्हणजे तू पयाला."

पोरगा मान खाली घालून बसला होता. मग त्याने वहीत सगळं नव्याने मांडलं. सुरुवात १२२ ऐवजी १२० ला. पहिल्या चार सांध्यांत एकेक ठोका वाढ, म्हणजे पाचवा ट्रॅक १२४ ला. तिथे दीड मिनिट यंत्राचा ठोका पूर्ण बंद, नुसते लांबलेले सूर, आणि त्यावर खंजिरी. मग १२९ ला ट्रान्स. शेवट १३२. त्याच बैठकीत पहिला ट्रॅक नऊ मिनिटांवरून सहावर आला. आजींचा प्रश्न त्याला लागला होता. माझं मत विचाराल तर आजी आणि पोरगा दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. मुखडा येणार म्हणून वाट पाहत बसलेल्या माणसाला डीप हाऊस म्हणजे न संपणारी प्रस्तावना. जागलीवर हा प्रश्न एकानेही विचारला नाही, कारण तिथे कोणी कशाची वाट पाहत नसतं. उजाडण्याची सोडून.

खंजिरीचं ध्वनिमुद्रण दुकानात केलं, शटर ओढून, रात्री. यंत्राचा ठोका ऐकायला म्हणून हेडफोन दिला तर मावसाजींनी काढून ठेवला. "कानात खुट्टी घालून मले वाजवता येत नाही." मग तसंच घेतलं. दीड मिनिटात एकशे नव्वदच्या आसपास थापा. नंतर मोजून पाहिलं. सुरुवात १२४ च्या जवळ, शेवट १२९ च्या जवळ, आणि मधे कुठेही पायरी नाही, गाडीवाटेचा चढ असावा तशी वाढ. त्यांना कोणी आकडे सांगितले नव्हते. पाचवा ट्रॅक ऐकवला होता, सहावा ऐकवला होता, बस्स.

आता प्रश्न असा की माणसाची थाप यंत्राच्या जाळीवर, म्हणजे समान अंतराच्या ठोक्यांवर, ओढून बसवायची, की जाळीच माणसाप्रमाणे वाकवायची? पोराचा हात पहिल्याकडे गेला, सवयीने. एबलटन लाईव्ह या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही करता येतं. थापा जाळीवर बसवून ऐकल्या तर खंजिरी टाइपरायटर झाली. मग उलटं केलं. दर चौथ्या थापेवर एक खूण ठोकली, अठ्ठेचाळीस खुणा, आणि अल्बमची लय त्या खुणांमागून चालवली. दोन रात्री गेल्या. दोन खुणांच्या मधल्या तीन थापा जशा पडल्या तशा ठेवल्या.

बाकीचं भरभर झालं. कोजागरीला बेस घुमला त्याचं कारण स्पीकरच्या पेटीत होतं. गोठ्यात तीस ते एकशेवीस हर्ट्झचा सरकता सूर वाजवला तर साठ हर्ट्झच्या अलीकडे टिनाची पत्रं थरथरायला लागली, बाकी ठिकाणी पेटी मुकाट. वरातीला असाच बेस लागतो, छातीत एकच धक्का. डीप हाऊसचा बेस मात्र चालता असतो, त्याला प्रत्येक सूर वेगळा ऐकू यावा लागतो. पेटी बदलायला पैसे नव्हते, इक्वलायझरने तेवढा उंचवटा छाटला. फोनच्या स्पीकरवर तर हा बेस उतरतच नव्हता, तो स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली हातच घालत नाही. तिथे एक जुनी युक्ती चालते. बेसला जराशी विकृती दिली की त्याचे वरचे पट उमटतात, पन्नासचे दोनशे, अडीचशे, तीनशे. ते ऐकले की कान खालचा नसलेला पन्नास आपल्या मनाने भरून घेतो. ट्रान्सच्या भागातले रुंद पसरलेले सूर गाडीवरच्या सामानावर गायब होत होते, कारण ते सामान मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून वाजवणारं, आणि त्या दोन बाजू एकमेकांना खात होत्या. ते आत ओढले. आणि लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं दाबणारा भाग, सैल केला. वरातीच्या गाण्यांशी बरोबरी करायला त्याने आवाज पार चेपला होता, रात्री दोन वाजता मचाणावर तो कानाला टोचायचा.

नवी फाईल एकाहत्तर मिनिटांची झाली. आठ-दहा जणांनी भरून नेली, बहुतेक जागलीवाले, एक ट्रॅक्टरवाला. डुकरांवर काही परिणाम झाला नाही, ते आधीच सांगतो. पिंपा बडवावाच लागतो.

डिसेंबरात एका रात्री मीही मचाणावर गेलो. खाली पऱ्हाट्यांची शेकोटी, वर आम्ही तिघं, मध्ये फोन. दहा सांधे मी बोटांवर मोजत होतो. चौथा गेला, कळला नाही. मग यंत्र थांबलं, खंजिरी आली. मावसाजी गोधडीत डोळे मिटून होते, मांडीवर बोटं चालत होती. मधेच बोटं थांबली.

"इथं मी पुढं पयालो. एक थाप."

मला काही ऐकू आलं नव्हतं. पोराला आलं असावं.

"काढता येते का ते?"

एक खूण इकडची तिकडे केली की झालं, दहा सेकंदांचं काम.

"नाही येत, बाबा," पोरगा म्हणाला.

मावसाजींनी मान हलवली. शेकोटी खाली बसत चालली होती, मी पऱ्हाट्या सारायला उतरलो. वर १२९ चा ठोका सुरू झाला होता आणि कधी सुरू झाला ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.